छत्रीच्या कापडाचे हातमोजे

परवापासून किनाऱ्यावर बांबू ठोकल्याचा आवाज येतो आहे. पावसाळाभर घरांच्या मागे आडवे पडलेले बांबू बाहेर काढायचे, कुजलेली टोकं छाटायची, वाळूत खड्डे करून ते उभे करायचे आणि मधे दोऱ्या ताणायच्या. या रांगांना आम्ही वलांडी म्हणतो. त्यांच्यावर बोंबील सुकतात. आमचं झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं अगदी शेवटचं गाव. पलीकडून गुजरात सुरू होतो, पण वलांडी दोन्हीकडे सारख्याच. चार दिवसांत रिकामी वाळू एखाद्या अर्धवट बांधलेल्या गावासारखी दिसायला लागते. खांब उभे असतात, तुळया असतात, भिंती नसतात, आणि आरपार समुद्र दिसतो.

गेल्या वर्षी हा आवाज सुरू झाला तेव्हा जशू ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. मला वाटलं, झोप लागली.

"मणीचा तिसरा खांब पोकळ बसलाय," ती म्हणाली.

"तुला इथून कसं कळलं?"

"आवाज ऐका ना, मास्तर. खालची वाळू भुसभुशीत आहे. वारा आला की पडणार."

मी जाऊन मणीबेनला सांगितलं. तिने खांब हलवून पाहिला. तो हलला.

जशू म्हणजे जशोदा, माझी बायको. चैत्रात ती गेली. मणीबेन आमची शेजारीण, तिची वलांडी आमच्या वलांडीला लागून. आणि मी तलासरीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी जशूने मला मास्तर म्हणायला सुरुवात केली आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही. मी वर्षानुवर्षं सकाळच्या एसटीने तलासरीला जात राहिलो आणि ती बोंबील सुकवून तलासरीच्याच आठवड्याच्या बाजारात विकत राहिली. बाजाराच्या दिवशी आम्ही एकाच एसटीने परतायचो. माझ्या हाताला खडूचा वास, तिच्या हाताला बोंबलाचा. तिचा वास नेहमी जिंकायचा.

बोंबील कसा टांगतात ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बोंबलाचं अंग पाण्यासारखं मऊ, पण जबडा मोठा आणि दात सुईसारखे, आत वळलेले. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. ना खिळा, ना गाठ. त्यांचे दातच त्यांना धरून ठेवतात. जशूचे हात हे काम करताना मी कितीदा पाहिले असतील, पण दोन बोंबील एकमेकांत कधी अडकले तो क्षण मला कधी दिसला नाही. हात खाली जायचे, वर यायचे, आणि जोडी दोरीवर असायची.

सुकला की नाही हेही ती बोटांनीच ठरवायची. शेपटीच्या वर दोन बोटं ठेवून हलकेच दाबायची. "बघून कळत नाही," म्हणायची. "बोंबील वरून सुकल्याचं सोंग करतो. आतलं विचारावं लागतं."

तिच्या छातीत डावीकडे गाठ निघाली ती त्याआधीच्या पावसाळ्यात. वलसाडच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. उंबरगावहून गाडी पकडायची, दिवसभर तिथे थांबायचं, संध्याकाळी परत. दर तीन आठवड्यांनी. केस गेले त्याचं तिने फारसं मनावर घेतलं नाही. पदर डोक्यावरून घ्यायची सवय होतीच. "वाऱ्याने तरी कुठे राहिले होते?" एवढंच म्हणाली.

मग दिवाळीच्या आधी एका सकाळी, मोसमाची पहिलीच खेप वलांडीवर चढत असताना, मणीबेन ओरडली, "अगो जशू, दोरी बघ!"

दोरी लाल झाली होती. हातभर अंतरापर्यंत. बोंबलाचे दात जशूच्या बोटांत दहा ठिकाणी घुसले होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. तिने हात डोळ्यांसमोर धरले. रक्त बघितलं. मग एका बोटाचं टोक दुसऱ्या हाताने चिमटलं. पुन्हा चिमटलं.

"मास्तर," ती म्हणाली, "बोटं माझी नाहीत."

गाठ निघाल्याचं कळलं तेव्हा ती रडली नव्हती. त्या दिवशी ती वाळूत बसली आणि रडली.

मला वाचायची सवय आहे. दुःखातही पहिल्यांदा पुस्तकच उघडतो. मी वाचलं. आपल्या प्रत्येक पेशीच्या आत एक सांगाडा असतो, हाडांचा नव्हे, बारीक नळ्यांचा आणि तंतूंचा. तो सतत उभा राहतो आणि सतत मोडतो, एका टोकाला वाढतो, दुसरीकडे सुटतो. पेशीचे दोन भाग व्हायचे असतात तेव्हा याच नळ्या आतला ऐवज दोन बाजूंना ओढून नेतात. गाठ म्हणजे न थांबता दुभंगत जाणाऱ्या पेशी. म्हणून औषध या नळ्यांनाच धरतं. नळ्या गोठतात, मोडेनाशा होतात, पेशी मधेच अडकते आणि मरते. पण औषधाला गाठ कुठे आहे ते माहीत नसतं. ते रक्ताबरोबर सगळीकडे जातं. हातापायांच्या बोटांच्या टोकापर्यंत जाणारी मज्जातंतूची पेशी सगळ्यात लांब, मणक्यापासून थेट नखापर्यंत. तिच्यात या नळ्यांवरूनच सामान वाहून नेलं जातं. वाट बिघडली की टोकाला काही पोचत नाही. म्हणून आधी टोकं मरतात.

हे सगळं मला कळलं. कळून मी तिला एवढंच सांगितलं, "औषधामुळे होतं असं. पुष्कळांना होतं."

"परत येतात का?"

"येतात," मी म्हणालो. पुस्तकात 'काहींची येतात' असं होतं.

दिवाळीत सरिता आली. तलासरीजवळच्या एका पाड्यावरची ही मुलगी, माझी विद्यार्थिनी. आठवीत असताना मी वर्गात एक प्रयोग केला होता. खोक्यात वालाचं रोप ठेवलं आणि खोक्याला एका बाजूला भोक पाडलं. आठ दिवसांनी झाकण उघडलं तेव्हा रोप भोकाकडे वाकलेलं होतं. सगळ्या मुलांनी वहीत आकृती काढली. सरिताने हात वर केला. "सर, उजेड आला हे रोपाला कोण सांगतं?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं. मी म्हटलं होतं, मोठी झालीस की तू मला सांग. आता ती पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधन करते आणि दर दिवाळीला तलासरीहून दोन गाड्या बदलून आमच्याकडे येते.

तिने जशूचे हात हातात घेतले. बराच वेळ सोडले नाहीत. मग मी विचारलं म्हणून ती आपल्या कामाबद्दल बोलू लागली, आणि बोलता बोलता बाहेर वलांडीकडे बोट केलं.

"काकी, पेशीच्या आत पण अशीच वलांडी असते. तुमचं औषध जाऊन तिला सगळीकडे जखडतं. आम्ही दुसरं औषध बनवतोय. ते अंधारात झोपलेलं असतं. त्याचा कण सरळ असतो, कुठे बसत नाही. निळा उजेड पडला की तो मधून वाकतो, आणि वाकला की बरोबर जागेवर बसतो. मग तेवढ्याच पेशीची वलांडी उभी राहत नाही. उजेड काढला की तो पुन्हा सरळ, पेशी पुन्हा बरी."

तिने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. काळ्या पडद्यावर हिरव्या चमकत्या रेषांची जाळी, वाढणारी, हलणारी. एका पेशीवर उजेडाचा ठिपका पडला. तिच्यातल्या रेषा विरत गेल्या. बाजूची पेशी जशीच्या तशी.

"शेजारणीला काहीच नाही?" जशूने विचारलं.

"काहीच नाही."

"बघ मणी," जशू कुंपणाकडे वळून ओरडली, "अशी शेजारीण पाहिजे. माझ्या घराला आग लागली तरी हिचा केस हलत नाही."

"तुझ्या घराला आग लागली तर मी पापड भाजून घेईन," मणीबेन तिकडून म्हणाली.

जशू हसली. मग तिने विचारलं, "म्हणजे उजेड जिथे पडेल तिथेच औषध काम करतं? अंधारात ठेवलं तिथे नाही?"

"हो काकी. तेवढंच."

तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली, होडी लागली. जशू उठली. टोपल्या उचलता येत नव्हत्या तरी होडी लागल्यावर घरात बसणं तिला माहीत नव्हतं. ती दाराबाहेर गेल्यावर सरिता माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, हे अजून बशीतल्या पेशींवर चाललंय. माणसाला द्यायला कितीतरी वर्षं लागतील. मिळेलच असंही नाही."

ते वाक्य मी ऐकलं. जशूने ऐकलं नाही.

पुढच्या खेपेला वलसाडला गेलो. दोन बाटल्या चढवायच्या असत. त्यातल्या एका बाटलीला परिचारिका काळ्या कागदाची पिशवी घालायची. आम्ही ते आधीही पाहिलं होतं, लक्ष दिलं नव्हतं. या वेळी जशूने विचारलं, "बेन, हिला झाकता कशाला?"

"उजेड लागायला नको औषधाला."

जशूने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी त्या मोसमात पहिल्यांदाच पाहत होतो. गाडीत माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "सरिताचं औषध आहे ना हे? मला सांगितलं नाही तुम्ही."

मी सांगायला हवं होतं. उजेडाने खराब होऊ नये म्हणून कित्येक औषधं झाकतात, एवढं साधं होतं ते. शिवाय झाकलेली बाटली वेगळीच होती. बोटं नेणारं औषध दुसऱ्या बाटलीत, उघडंच लटकत होतं. गाडी संजाण सोडून पुढे आली होती. खिडकीतून तिरपं ऊन तिच्या मांडीवर येत होतं आणि तिने, माझ्या देखत, आपले दोन्ही हात उचलून पदराखाली घेतले.

मी म्हणालो, "दमलीस. झोप जरा."

दुसऱ्या दिवशी तिने जुनी छत्री काढली आणि तिचं काळं कापड मला कापायला लावलं. सुई तिला धरता येईना. मणीबेनने शिवून दिलं. दुहेरी कापडाचे दोन हातमोजे, बोटांविना, पिशवीसारखे, मनगटाशी नाडी. डावा ती स्वतः घालायची. मग उजवा घालायला आणि दोन्ही नाड्या बांधायला माझ्यापुढे हात करायची. रोज सकाळी, चहाच्या आधी. बोटांवर टोचल्याच्या खुणा दिसायच्या, पण बधिर बोटांना कुठेही लागतं असं मी वाचलं होतं. मी शाळेतल्या मुलाच्या बुटाची बांधावी तशी नाडी बांधायचो.

मग ती खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाऊन बसायची. पूर्वेकडून चिकूच्या वाड्यांवरून ऊन यायचं. ती डावी बाजू उन्हाकडे करायची आणि दोन्ही हात काळ्या मोज्यांत, मांडीवर, गाठोड्यांसारखे. औषध छातीत जागं व्हावं आणि बोटांत झोपून राहावं, म्हणून.

"जशूबेन, मेंदी काढली का ग?" येणारी जाणारी विचारायची.

"हो, रंगायला ठेवलीय," ती म्हणायची. "मास्तर पुन्हा लग्न करतायत ना माझ्याशी."

तिला भूक लागायला लागली. भात मागून घ्यायची. मी भरवायचो, कारण मोजे काढायचे नव्हते. घरातसुद्धा दिवा लागला की हात पदराखाली. दिव्याचा उजेडही उजेडच. रात्री झोपताना काढायची तेव्हा मी तिच्या हातावर हात ठेवायचो. तिला कळायचं नाही. ती अंधारात विचारायची, "धरलाय का?" मी म्हणायचो, "धरलाय."

इतके दिवस मी स्वतःला सांगत आलो आहे की मी गप्प राहिलो ते तिच्या त्या भुकेसाठी. खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. मला ते समजावून सांगायचं नव्हतं. आयुष्यभर समजावून सांगण्याचा पगार घेतला आणि एकदाच जिथे सांगणं माझ्यावर येऊन पडलं तिथे मी नाडी बांधत बसलो. सांगितलं असतं तर तिने मोजे फेकून दिले असते आणि बोंबलांत हात घातले असते. तिला थोडं तरी कळत होतं तेव्हा, बोटांच्या मुळांशी, तळहाताला. बिघडत का होईना, सांडत का होईना, तिने तो मोसम स्वतःच्या हातांनी केला असता. ती म्हणत होती, "हे साल हातांना जपते, पुढच्या साली दुप्पट टांगीन." पुढचं साल नव्हतं. डॉक्टरांनी मला ते माघात सांगितलं, पण मला बहुधा आधीच माहीत होतं.

म्हणजे तिचा शेवटचा मोसम मी तिच्याकडून काढून घेतला. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तिच्या जागी बोंबील मी टांगले. म्हणजे टांगायचा प्रयत्न केला. ती खळ्यात बसून शिकवायची.

"जबड्यात जबडा, मास्तर. त्याचा दात मोजायला नाही सांगितला."

"निसटतो ग."

"निसटणारच. तुम्ही त्याला सॉरी म्हणताय आधी. धरा आणि घाला."

माझ्या जोड्या सुटायच्या. वाळूत पडायच्या, कावळे न्यायचे. ज्या राहायच्या त्यांचे जबडे मी ओढून फाडलेले असायचे. मणीबेन म्हणायची, "मास्तरांच्या दोरीखाली गावातली मांजरं शाळा भरवतात." पण हळूहळू जमायला लागलं असावं. संध्याकाळी मी दोरीच्या शेवटाला घाईघाईत काही जोड्या टाकून वाचनालयात जायचो. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या खोलीतलं एक कपाट आणि दोन बाकडी. ते मी दिवेलागणीपासून दोन तास उघडं ठेवतो. सकाळी येऊन बघावं तर दोरीच्या शेवटचा भाग सुरेख दिसायचा. जोड्या सारख्या अंतरावर, एकही सुटलेली नाही. मला मनातून अभिमान वाटायचा. मी जशूला एकदा दाखवलंही.

"बघ, हा शेवटचा भाग बघ."

तिने बराच वेळ पाहिलं. "चांगला झालाय," ती म्हणाली. "हात बसला तुमचा."

माघात एकदा तिने हट्ट धरला म्हणून तलासरीच्या बाजाराला गेलो. ती पोत्यावर बसली, हात मोज्यांत. विक्री मी केली. तिची जुनी गिऱ्हाईकं आली, पाड्यांवरच्या बाया. पावसाळ्याची बेगमी त्या एवढ्या आधी करत नाहीत, तिला बघायलाच आल्या असाव्यात. त्यांतली एक म्हातारी, जी वर्षानुवर्षं जशूकडूनच घ्यायची, समोर उकिडवी बसली आणि एकेक बोंबील उचलून त्याच्या जबड्यावरून अंगठा फिरवायला लागली. काही उजवीकडे ठेवले, काही डावीकडे.

"हे तुझे," ती जशूला म्हणाली. "हे नाहीत. हे फाटलेत."

"आजी, सगळे मीच टांगलेत," मी म्हणालो. "तिचे हात बघताय ना?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, मग जशूकडे. जशू म्हणाली, "म्हातारीची नजर गेली हो. द्या तिला दोन जास्त."

मला वाटलं, बाई मायेपोटी बोलली. उजवीकडचे म्हणजे मी अलीकडे चांगले टांगलेले, असा मी अर्थ लावला. परतताना एसटीत मी ते जशूला सांगितलंही. ती खिडकीतून बाहेर बघत हसत होती. कशाला हसत होती ते मला आत्ता कळतंय.

होळीनंतर ती ओट्यावर यायची थांबली. मग खाटेवरून उठायची थांबली. शेवटच्या आठवड्यात मोजे मागितले नाहीत. मी एका सकाळी ते घेऊन गेलो आणि तिच्यापुढे धरले. तिने मान हलवली. "राहू दे आता. ऊन लागू दे," म्हणाली. मी खिडकी उघडली. हातांवर ऊन आलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, जसं बोंबील उलटून पाहतात. त्यानंतर तीन दिवसांनी ती गेली.

या वर्षी मी वलांडी उभारणार नव्हतो. पण परवा बांबूंचे आवाज सुरू झाले आणि दुपारपर्यंत मला घरात बसवेना. माळ्यावरून दोऱ्यांचं भेंडोळं काढलं. त्याच्या मधोमध हातमोजे होते. मीच ठेवलेले असणार, ती गेल्यावर दोऱ्या गुंडाळल्या तेव्हा. वास येत होता, तोच. मी ते उलटे केले, उन्हात टाकावेत म्हणून.

आतलं कापड बोटांच्या टोकांशी तपकिरी ठिपक्यांनी भरलेलं होतं. दोन्ही मोज्यांत. ठिपक्यांवर ठिपके. आणि एका शिवणीत काहीतरी टोचलं. मी चष्मा लावून पाहिलं. बोंबलाचा दात होता.

मी मोजे घेऊन मणीबेनकडे गेलो. ती खड्डा खणत होती. तिने मोजे पाहिले आणि पहार खाली ठेवली.

"तुम्हाला माहीत नव्हतं, मास्तर? मला वाटलं, माहीत असून बोलत नाही."

"काय?"

"तुम्ही वाचनालयात गेलात की ती यायची. सूर्य पाण्यात बुडाला की. त्याआधी नाही. म्हणायची, मणी, आता औषध झोपलं. नाडी दातांनी सोडायची आणि अंधारात टांगत बसायची. तुमच्या सुटायला आलेल्या जोड्या काढून पुन्हा घालायची. होळीपर्यंत, रोज. मी दिवा आणते म्हटलं की ओरडायची."

"रक्त यायचं?"

"येणारच की. दिसायचं नाही तिला, पण हात चिकट लागायचे, वास यायचा. पदराला पुसायची आणि पुढचा घ्यायची. तुम्ही यायच्या आत मोजे पुन्हा चढवायची, नाडी दातांनी ओढायची." तिने पहार पुन्हा उचलली. "गाणं म्हणायची हो. इतक्या वर्षांत मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं."

रात्री मी सरिताला फोन केला. सगळं सांगितलं, काळ्या कागदाची बाटली, मी गप्प राहिलो ते, मोजे, दात. ती म्हणाली, "चूक माझी आहे, सर. जे शेवटी सांगितलं ते मी आधी सांगायला हवं होतं. नेहमी चांगलं आधी सांगितलं जातं." मग म्हणाली, "आमच्या लॅबमध्ये आम्ही अंधारातच काम करतो, माहितीये? फक्त एक लाल दिवा. बाटल्यांना काळा कागद गुंडाळलेला असतो. काकींनी जे केलं तेच आम्ही रोज करतो. त्या फक्त औषधाच्या आधी पोचल्या."

मी सरिताला म्हटलं नाही की मला तिची चूक वाटत नाही. म्हणायला हवं होतं. उद्या म्हणेन. सांगायचं ते वेळेवर सांगायला मी या वयात शिकतो आहे.

एक गोष्ट मात्र राहिली आहे आणि ती विचारायला कोणी नाही. बोटांत दात रुतले, रक्त आलं, दुखलं नाही, हे तिला रोज संध्याकाळी कळत होतं. बोटं परत येत नाहीयेत, मोज्यांचा उपयोग होत नाहीये, हे तिला पहिल्या आठवड्यातच उमगलं असणार. आतलं विचारून पाहणारी बाई ती. तरीही शेवटच्या आठवड्यापर्यंत, रोज सकाळी चहाच्या आधी, तिने माझ्यापुढे हात केले. आणि मी खाली वाकून, जीभ दातांत धरून, नाडी बांधत राहिलो. ते मोजे ती बोटांसाठी घालत होती की त्या बांधणाऱ्यासाठी, मला ठरवता येत नाही.

आज मी वाचनालय उघडलं नाही. कुलपाला चिठ्ठी लावली, दिवाळीपर्यंत सकाळी उघडेल. मणीबेनच्या पुतण्याने संध्याकाळी अर्धी टोपली बोंबील आणून दिले. चार बांबू उभे आहेत, एक दोरी ताणली आहे. सूर्य बुडेपर्यंत मी वाळूत बसून राहिलो. मग पाण्यावरची लाली गेली, दोरी दिसेनाशी झाली, आणि मी टोपलीत हात घातला.

अंधारात काम वेगळंच होतं. डोळे मधे मधे करत नाहीत. जबडा हाताला सापडतो, दुसरा जबडा त्यात आपोआप वळतो, आणि एक बारीकसा झटका बसतो, कडी लागल्यासारखा. तोच तो क्षण, जो मला तिच्या हातांत कधी दिसला नव्हता. तो दिसण्यातला नव्हताच.

पाचव्या की सहाव्या जोडीला दात माझ्या बोटात घुसला. खोल. दुखलं, चांगलंच दुखलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मणीबेनने तिच्या ओट्यावरून विचारलं, "मास्तर, दिवा आणू का?"

"नको," मी म्हणालो. धोतराला बोट पुसलं आणि पुढचा घेतला.